अर्धवट उठणं

रोहिणीच्या खुब्याच्या ऑपरेशनआधी आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन आठवडे एक पांढरी डबी चिकटवलेली होती, साबणाच्या वडीएवढी. त्या तीन आठवड्यांत मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. मी बायकोची उत्तम सेवा केली.

डबी लावायला मिरजेच्या हॉस्पिटलातून एक मुलगी आली होती. ती म्हणाली, “काका, यात कॅमेरा नाहीये. नुसती हालचाल कळते. घरात कोण कसं चालतं, बसतं, उठतं, एवढंच. ऑपरेशननंतर काकू कितपत बऱ्या होतील त्याचा अंदाज यावरून काढतात. तुम्ही अगदी नेहमीसारखं वागा.”

आता ‘नेहमीसारखं वागा’ म्हटल्यावर कुठला माणूस नेहमीसारखं वागतो? त्यातून मी मंगल कार्यालय चालवलेला माणूस. सांगलीत विश्रामबागेत आमचं ‘पद्मावती’ कार्यालय होतं, आणि उदय शिरगुप्पे हे नाव चौतीस वर्षं तिथल्या पंगतींमुळे लोकांना माहीत होतं. आमचा एकच नेम होता, मागायच्या आधी वाढायचं. पाहुण्याला मिठासाठी हात वर करावा लागला तर तो यजमानाचा नव्हे, माझा अपमान. वाढप्यांना मी शिकवायचो, पानाकडे बघू नका रे, डोळ्यांकडे बघा. नजर भाताकडे वळली की वरण घेऊन हजर व्हा. तीन वर्षांपूर्वी कार्यालय बंद केलं. लोक आता दोन डझन माणसांत लग्न उरकतात, आणि आमच्या जागेवर गाड्या चार्ज करायचं केंद्र झालंय. पण हाताची खोड काही गेली नाही.

रोहिणी वाचनालयात ग्रंथपाल होती. सत्तावीस वर्षं शिडीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं काढून दिली तिनं. मग उजव्या खुब्यातली कूर्चा झिजली, हाडावर हाड घासायला लागलं, आणि गेली अडीच वर्षं ती खुर्चीत आणि मी उभा. पाणी, चष्मा, फोन, चपला, सगळं तिनं हात पुढे करायच्या आत तिच्या हातात. डबी आल्यावर तर मी कंबरच कसली. परीक्षाच होती ती. तीन आठवडे तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. ती जरा पुढे झुकली की मी म्हणे, “बस, बस, मी आणतो.” नाशिकहून आमची मुलगी केतकी फोनवर हसायची, “बाबा, तुम्हाला पैकीच्या पैकी.” मलाही तसंच वाटत होतं.

निकाल सांगायला डॉ. ऋजुता पाटण्यांनी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. केतकीच्याच वयाच्या. बोलताना पेनचं टोपण काढायची आणि लावायची सवय, जी बघून मला उगाचच बेचैन व्हायला झालं.

“काका, पूर्वी आम्ही आठ-दहा गोष्टी बघायचो,” त्या म्हणाल्या. “वय, वजन, हिमोग्लोबिन, साखर. मांडीत ताकद किती. ऑपरेशनआधी पेशंट किती चालत होता. मन खचलंय का. आपण बरे होणार असं त्याला स्वतःला वाटतंय का, हे तर फार महत्त्वाचं. पण हे सगळं जमेस धरूनही कोडं सुटायचं नाही. दोन बायका सगळ्या बाबतींत सारख्या, एक तीन महिन्यांत देवळाच्या पायऱ्या चढते, दुसरी वर्षानंही वॉकर सोडत नाही. मग या डब्या आल्या. नऊ हजार घरांतल्या हालचाली एकत्र लावून बघितल्या तेव्हा एक वेगळीच गोष्ट वर आली.”

त्यांनी पडद्यावर एक माणूस दाखवला, नुसत्या रेघांचा, खुर्चीत बसलेला.

“उठायच्या आधी दोन सेकंद काय होतं बघा. पाय मागे सरकतात, छाती पुढे येते, वजन चवड्यांवर येतं. म्हणजे मेंदूनं हुकूम सोडलाय, स्नायू तयार आहेत. नेमकं त्याच वेळी कुणी म्हणालं, ‘बस, मी आणतो’, तर माणूस परत टेकतो. हुकूम रद्द. एखाद्या वेळी झालं तर काही बिघडत नाही. रोज चाळीस वेळा, वर्षानुवर्षं झालं, की मेंदू हुकूम सोडायचंच हळूहळू बंद करतो. याला आम्ही अर्धवट उठणं म्हणतो. खुबा आम्ही नवा बसवू, तीस वर्षं टिकेल असा. पण त्याला कुणी हुकूमच दिला नाही तर तो बिचारा काय करणार?”

मी रेघांच्या माणसाकडे बघत राहिलो. तो पुढे झुकायचा आणि परत टेकायचा, पुन्हा झुकायचा आणि टेकायचा.

“काकू दिवसातून सरासरी त्रेचाळीस वेळा उठायला जातात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पूर्ण उठतात सात वेळा. उरलेल्या छत्तीस वेळा तुम्ही त्यांच्या आधी उठलेले असता. तुम्हाला सरासरी एक पूर्णांक आठ सेकंद लागतात.”

सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. एकोणसत्तराव्या वर्षी दोन सेकंदांच्या आत.

“एका दिवशी मात्र त्या एकतीस वेळा उठायला गेल्या आणि एकोणतीस वेळा उठल्या,” त्या पुढे म्हणाल्या. “आठ तारखेला. त्या दिवशी काय होतं?”

आठ तारखेला मी जयसिंगपूरला पुतणीच्या मुलाच्या बारशाला गेलो होतो. सकाळी गेलो तो संध्याकाळी आलो. मी रोहिणीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर पार्किंगशिवाय काहीही नव्हतं.

मग दोन आकडे आले. रोहिणीसारख्या शंभर जणींपैकी, मी घरात असताना, सहा महिन्यांनी आधाराशिवाय चालतील एकेचाळीस. मी घरात नसेन आणि शिकवलेली सोबतीण असेल, तर एकोणऐंशी. मी आकडे पुन्हा विचारले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितले, तेवढ्याच शांतपणे. चौतीस वर्षं ज्याच्या हातचं जेवून लोक तृप्त होऊन गेले, तो माणूस बायकोच्या पायातला अडतीस गुणांचा काटा होता.

“मी शिकेन की,” मी म्हणालो. “मला शिकवा. सोबतीण काय करते जास्तीचं?”

“काहीच करत नाही,” त्या म्हणाल्या. “दहापर्यंत मोजते. तोल गेला तरच हात देते.”

तीन दिवसांची संधी मिळाली मला. मनगटावर एक पट्टा बांधला. मी वेळेआधी उठलो की तो थरथरायचा. पहिल्याच सकाळी रोहिणीचा चष्मा टीपॉयवरून घसरून पडला. ती पुढे झुकली. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन. तिच्या कपाळावर आठी आली. तीन. तिनं खुर्चीचा हात धरला, बोटं पांढरी झाली. चार. पट्टा थरथरला तेव्हा चष्मा माझ्या हातात होता आणि मी तो सदऱ्याला पुसत होतो.

“अहो,” रोहिणी म्हणाली.

“पुसून देत होतो फक्त.”

दुसऱ्या दिवशी मी स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. सहापर्यंत पोचलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार. पट्टा परत घेताना ती डबीवाली मुलगी म्हणाली, “काका, वाईट वाटून घेऊ नका. शंभरात नव्वद जणांना जमत नाही.” म्हणजे इथेही मी गर्दीतलाच निघालो.

ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी रोहिणी सोबतिणीबरोबर घरी गेली, आणि मी सहा आठवड्यांसाठी मिरजेतच हॉस्पिटलमागच्या सोबती-निवासात दाखल झालो. असे निवास आता गावोगाव निघालेत. विमा कंपन्यांना हा अंदाज फार आवडला. घरी कोण आहे हे विचारल्याशिवाय त्या ऑपरेशनला मंजुरीच देत नाहीत. आणि ज्यांची सेवा नडते असे मुलगे, मुली, सुना, नवरे या निवासांत येऊन पडतात. फाटकाबाहेर रोज दोन-तीन जण पाटी धरून उभे असायचे: ‘आईची सेवा हा गुन्हा आहे का?’ पहिल्या आठवड्यात मीही त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. दुपारी ऊन लागतंय म्हणून त्यांना सरबत करून दिलं.

निवासात आम्ही एकोणीस जण होतो आणि तिथलं जेवण हा बघण्यासारखा प्रकार होता. एकोणीसच्या एकोणीस जण वाढायला उभे, पानावर बसायला कुणी तयार नाही. “तुम्ही बसा हो.” “नाही नाही, तुम्ही आधी.” भाकरी गार व्हायच्या. कुणाला ठसका लागला तर सहा पेले पाणी पुढे यायचं. माझं ताट कुणीतरी धुऊन टाकलं की मला चिडल्यासारखं व्हायचं, आणि तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, रोहिणीलाही असंच होत असेल का?

कुपवाडची रझिया मुल्ला माझ्या शेजारच्या खोलीत होती. पंचेचाळिशीची, शिवणकाम करणारी, आईसाठी लग्न न केलेली. तिचा आकडा माझ्याहून वाईट होता, तेहतीस.

“अम्मीला मी बारा वर्षं एकटीला न्हाणीत जाऊ दिलं नाही, काका,” ती म्हणाली. “आता ती सोबतीण म्हणे बाहेर उभी राहते, दाराला पाठ लावून. अम्मी आत एकटी. मला तर पाण्याचा आवाज आला तरी धडकी भरते.”

“फोन केलास का?”

“केला. अम्मी म्हणाली, बिझी आहे, नंतर बोलते.” तिनं फोन उलटा करून ठेवला. “बारा वर्षांत अम्मी कधी बिझी नव्हती, काका.”

संध्याकाळी सहाला प्रत्येकाच्या फोनवर घरी पुन्हा लावलेल्या डबीचा आकडा यायचा, त्या दिवशीची पूर्ण उठणी. पाच वाजल्यापासून निवासाच्या अंगणात एकोणीस जण येरझाऱ्या घालायचे, एकमेकांना धडकत. रोहिणीचे पहिल्या दिवशी चार आले. मग सहा, नऊ, नऊ, बारा. तेराव्या दिवशी बावीस. मी सगळ्यांना पेढे वाटले आणि रात्री जागा राहिलो. मी नसताना बावीस. आनंदाची गोष्ट होती, आणि मला तो आनंद गिळवत नव्हता.

सोळाव्या दिवशी आकडा आला, पाच.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एखादा दिवस असा जातो, सूज असेल, थकल्या असतील. अनिता आहे ना तिथे. अनिता म्हणजे ती सोबतीण. मी हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीची बस पकडली. घरी जायला मनाई होती. घरासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जायला कुणी मनाई केली नव्हती.

दुकानदाराला वाटलं मला काही छापायचंय. मी उगाच आधारकार्डाच्या दोन प्रती काढायला सांगितल्या आणि काचेतून बघत राहिलो. साडेदहाला रोहिणी वॉकर घेऊन व्हरांड्यात आली. पाय किंचित ओढत होती, पण टाच आधी टेकवत होती. तिनं दोरीवरचा टॉवेल ओढला, तो सटकला आणि खाली पडला. अनिता मागे दाराला टेकून उभी. हाताची घडी. ढिम्म हलेना. रोहिणीनं न वाकता वस्तू उचलायची चिमट्याची काठी घेतली आणि टॉवेल उचलायला लागली. टोक धरलं की सुटे, पुन्हा धरायचं, पुन्हा सुटायचं. एकदा तिनं मागे वळून अनिताकडे पाहिलं. अनिताने पाहून न पाहिल्यासारखं केलं. माझा हात दुकानाच्या दारावर होता. सांगतो ते खरं आहे, मला त्या बाईचा इतका राग आला होता की ओरडलोच असतो.

टॉवेल वर आला तेव्हा सहा मिनिटं झाली होती. रोहिणीनं तो झटकला, खांद्यावर टाकला आणि हसली. कुणाकडे बघून नाही, नुसतीच. अडीच वर्षांत माझ्या हातून टॉवेल घेताना ती असं हसली नव्हती. मी दोन प्रती खिशात घातल्या आणि परत मिरजेला आलो. त्या संध्याकाळी आकडा आला अठ्ठावीस.

बाविसाव्या दिवशी रोहिणीची तपासणी होती. ती हॉस्पिटलात येणार होती आणि आम्हाला एक तास भेटायची परवानगी होती. कँटीनमध्ये बसलो, अनिता पलीकडच्या टेबलावर. मी उठून चहा आणायला निघालो तर रोहिणी म्हणाली, “बसा. मी सांगते त्याला.” तिनं हात वर केला आणि पोऱ्या आला. मी पाहत राहिलो.

“बरी दिसतेस,” मी म्हणालो.

“तुम्ही वाळलात.”

“तिथं कुणी कुणाला जेवू देत नाही.”

ती हसली. मग चहा आला. कपाचा कान धरून तो बशीत फिरवत राहिली. मला वाटलं आता ती म्हणणार, तुमच्याशिवाय बरं चाललंय माझं. मी ते ऐकायची तयारी करत होतो.

“एक गोष्ट सांगायची राहिलीय,” ती म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी त्या जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत्ताच ऑपरेशन करून घ्या. मी नको म्हटलं.”

“घाबरली होतीस.”

“मी कुठली घाबरतेय? शिडीवर चढणारी बाई मी.” तिनं कप खाली ठेवला. “कार्यालय बंद झालं तेव्हा तुम्ही सहा महिने काय करत होतात, आठवतं?”

मला आठवत होतं.

“आंघोळ दुपारी. दाढी आठवड्यातनं एकदा. खुर्ची भिंतीकडे तोंड करून. केतकीला मी फोनवर सांगायची, बाबा झोपलेत. मग माझा खुबा दुखायला लागला. पहिल्या दिवशी मी नुसतं आई गं म्हटलं आणि तुम्ही असे ताडकन उठलात ना, की मला सहा महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमची आंघोळ झालेली.”

“म्हणजे दुखत नव्हतं?”

“दुखत होतं हो. फार दुखत होतं. पण उठता येत होतं. उठायला लागले की तुम्ही यायचात, मग मी बसायची.” तिचा आवाज बारीक झाला. “तुम्हाला वाढायला कुणी उरलंच नव्हतं. मी पानावर बसून राहिले.”

डॉक्टरीणबाईंनी आकडे सांगितले तेव्हा रोहिणी खिडकीबाहेर का पाहत होती ते आत्ता कळलं. यंत्रानं छत्तीस वेळा लिहिलं होतं की मी तिला उठू दिलं नाही. तिनं मला उठवलं, हे त्या डबीला कुठून कळणार? चौतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून काय हवं ते ओळखणारा मी, आणि घरात समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. मला तिचा राग आला, दोन वर्षं दुखणं अंगावर काढलं म्हणून. स्वतःचा त्याहून जास्त आला.

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतंत,” ती म्हणाली. “आता नाही करणार. पेढे वाटता म्हणे तिकडे.”

तास संपला. ती वॉकर घेऊन उठली, मी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. ती दारापर्यंत गेली, तरी माझे हात तिथेच होते.

त्यानंतरचे वीस दिवस निवासात मी एका जागी बसू शकलो नाही. रझियाची अम्मी महिन्याभरात काठीवर आली आणि रझिया घरी गेली. चार दिवसांनी फोन करून रडली, काका, मी आता दिवसभर काय करू? मी तिला म्हटलं, शिवण घे, आणि मग सगळी दुपार अंगणात फेऱ्या मारत स्वतःला तोच प्रश्न विचारला. घरी गेलो की मी पुन्हा तेच करणार होतो. मला माझे पाय ठाऊक होते. दोन सेकंदांच्या आत उठणारे पाय. रोहिणी पुन्हा माझ्यासाठी बसेल, आणि यावेळी नव्या खुब्यासकट बसेल, ही भीती मला गिळू लागली.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. वॉकर सुटला होता, काठी आली होती. उठणी चाळिसाच्या वर गेली होती.

“आता काका घरी येऊ शकतात,” त्या म्हणाल्या. “पण नवा अंदाज तुम्हा दोघांना सांगायला हवा. काका आत्ता आले तर शंभरात चौऱ्याहत्तर. आणखी सहा आठवडे अनिता राहिली आणि काका बाहेर राहिले, तर शहाऐंशी. म्हणजे शंभर जणींत बाराजणी जास्त काठी सोडतात. निर्णय काकूंचा.”

“मी बाहेर राहतो,” मी लगेच म्हणालो. “सहा आठवडे काय, सहज जातील. खोली आहे माझी तिथे.”

“तुम्हाला कुणी विचारलंय का?” रोहिणी म्हणाली.

“बारा कमी होतायत, रोहिणी. तू माझ्यासाठी पुन्हा—”

“तुमच्यासाठी नाही.” ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. “अनिता फार गुणी आहे हो. पण दहा मोजते आणि गप्प बसते. वाचलेलं कुणाला सांगायचं? वर्तमानपत्र कुणाशी भांडून वाचायचं? सहा आठवडे घरात माझाच आवाज मी ऐकतेय. त्यानंही माणूस खचतं. तुमच्या यंत्रानं ते मोजलंय का?”

“थोडंफार मोजलंय,” डॉक्टरीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. “सगळं नाही.”

“मग मला चौऱ्याहत्तर चालेल. त्या बाराजणींत मी निघाले तर निघाले. काठी घेऊन हिंडेन.” तिनं फॉर्म पुढे ओढला आणि सही केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि हे बघा, तुम्ही माझ्या आधी उठलात तर मी आता बसणार नाही. उभ्याउभ्या भांडेन.”

माझे डोळे भरून आले होते आणि खिशात रुमाल सापडत नव्हता. रोहिणीनं तिचा पुढे केला. तो मी मागितला नव्हता.

रिक्षानं सांगलीला आलो. उंच सीटची रिक्षा मुद्दाम बघून घेतली होती. घरासमोर थांबलो, मी पिशव्या घेऊन उतरलो आणि वळलो. रोहिणी सीटच्या कडेला सरकली होती. नवा पाय बाहेर काढायचा, तो रस्त्यावर टेकवायचा, मग दांडा धरून उठायचं. पाय बाहेर आला. ती पुढे झुकली. मला तिच्या छातीचं ते पुढे येणं दिसलं, वजन चवड्यांवर येताना दिसलं, आणि माझे पाय हलले.

मी तिच्याकडे पाठ केली.

भर रस्त्यात, दोन्ही हातांत पिशव्या धरून, मी आमच्याच कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर कुणीतरी घर भाड्यानं देण्याची जाहिरात चिकटवली होती, ती मी वाचायला लागलो. मागून तिचा श्वास ऐकू येत होता. काठी एकदा सटकली आणि रस्त्यावर वाजली. पलीकडे झेरॉक्सच्या दुकानाचं दार उघडल्याचा आवाज आला. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहत होतं.

“ओ काका,” रिक्षावाला म्हणाला, “काकूंना धरा की जरा. उतरता येईना त्यांना.”

“तिचं ती उतरेल.”

“मग मी देतो की हात.”

“तूही देऊ नकोस.”

मग मला ऐकू जाईल असं तो म्हणाला, “कसली माणसं असत्यात एकेक.” माझ्या पंगतीत लाखभर माणसं तरी जेवली असतील या गावातली, अशा शब्दांत कुणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं. मला त्याला काही सांगायचं नव्हतं. मी जाहिरातीवरचा फोन नंबर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मागे दांडा करकरला, रिक्षा एका बाजूला कलली आणि परत सरळ झाली, काठी टेकल्याचा आवाज आला, मग एक पाऊल, थोडं थांबून दुसरं.

“वळा आता,” रोहिणी म्हणाली.